पाचवं ताट

अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल गुळगुळीत आणि गळ्यात गजूच्या सलूनचा टॉवेल, अशा अवतारात आमचे मालक रविवारी सकाळी दारात येऊन उभे राहिले.

“वीरेशनं नोकरी बदलली?”

मी कांदा चिरत होते. म्हटलं, “हो, झाले की बरेच दिवस.”

“मला गजूनं सांगितलं! वस्तरा गालावर ठेवला आणि म्हणतो, पेढे कधी देताय? मी म्हटलं, कसले पेढे? तर सगळं सलून हसायला लागलं. पोटच्या पोराची नोकरी बापाला सलूनमध्ये कळते!”

वीरेश तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. “मी आईला सांगितलं होतं.”

“मला वाटलं, तू बाबांना सांगशील.”

“मला वाटलं, तू सांगशील.”

बाहेरच्या बाकावरून माझे सासरे, आमचे अप्पा, ओरडले, “म्हणजे हा आता बँकेत नाही?”

“अप्पा, मी बँकेत कधीच नव्हतो!”

राजी माझी मुलगी. ती हसत सुटली. तिचं लग्न ठरलं होतं, फाल्गुनातली तारीख होती, सासर लातूरचं. हसता हसता म्हणाली, “मी लातूरला गेल्यावर मला पण गजूकाकाच कळवणार का, आपल्या घरात काय चाललंय ते?” आणि मग एकदम म्हणाली, “आई, आपण सगळे एकत्र शेवटचं कधी जेवलो गं?”



“तुझ्या साखरपुड्याला की,” मालक म्हणाले.

“तुम्ही वाढत होता, बाबा. वीरेश पाहुण्यांच्या गाड्या लावत होता. अप्पांची पंगत आधीच झाली होती.”

मालकांच्या गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता. ते तसेच उरलेली दाढी करायला परत गेले. माझ्या मनातून मात्र ते जाईना. फाल्गुन काही लांब नव्हता. ही पोरगी आता जाणार, आणि जाताना काय घेऊन जाणार? भांडीकुंडी, साड्या, आणि एकेकट्यानं जेवणारं माहेर. माझ्या जिवाला लागलं ते.

आता आमच्या घराची रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडं भाकरी तव्यावरून थेट ताटात. हा अप्पांचा कायदा. “गार भाकरी मी जनावराला घालतो, स्वतः खात नाही,” असं ते सोलापूरभर सांगायचे. त्यांचे दात सगळे पडलेले, कवळी डबीत पडून, त्यामुळं भाकरी मऊ आणि वाफाळती हवी. बापाचं बघून मालकांना तीच सवय, मालकांचं बघून पोरांना. त्यामुळं कुणी कधीही यावं, तवा आहेच! देवळातून दिवेलागणीला आले की अप्पा. मग कॉम्प्युटरचा क्लास घेऊन राजी. मग वीरेश. सगळ्यात शेवटी मालक, पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान बंद करून, हाताला वार्निशचा वास घेऊन. एकेक जण ओट्याशेजारी स्टुलावर बसायचा, जेवायचा, आणि दिवसभराचं सगळं मला सांगायचा. मी म्हणजे घराचं पोस्ट ऑफिस झाले होते. टपाल सगळं माझ्याकडं यायचं, पण मी एकटी ते कुणाकुणाला वाटणार? एखादं राहूनच जायचं. आणि माझं जेवण सगळ्यांच्या नंतर, जे उरेल ते, उभ्या उभ्या.

सोमवारी सकाळी सगळे निघायच्या आत मी दारात उभी राहिले.

“आजपासून संध्याकाळी आठ वाजता मधल्या खोलीत चार ताटं मांडणार. चारही ताटांवर माणूस बसला तर तवा चढेल. एक जरी कमी असला तर सगळ्यांना कडक.”

कडक म्हणजे कडक भाकरी. सोलापूरच्या घरात तिची दुरडी असतेच. पापडासारखी पातळ थापायची, मंद आचेवर कुरकुरीत होईतो भाजायची, की दिवसच्या दिवस टिकते. प्रवासाला, अडीअडचणीला. आमची दुरडी वर टांगलेली असायची, आणि तिच्याकडं कुणी ढुंकून बघायचं नाही.

“आई, ही हुकूमशाही आहे,” वीरेश म्हणाला.

“आहेच. मी कुणाचं मत मागितलेलं नाही.”

मालक हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. “आणि दुकान? लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात, माणसं खेड्यावरून येऊन बसतात. त्यांना काय सांगू, बायको भाकरी देत नाही?”

“सांगा की. त्यांची पण घरी कुणीतरी वाट बघत असेल.”

“मला दात नाहीत,” अप्पा म्हणाले.

“कवळी आहे की.”

“कवळी चावते.”

“मग दुधात भिजवून देते.”

“मी काय तान्हं बाळ आहे?” म्हणत अप्पांनी काठी उचलली आणि तरातरा देवळाकडं गेले.

त्या संध्याकाळी आठ वाजता ताटावर अप्पा एकटे. राजी जरा वेळानं धावत आली, धापा टाकत म्हणाली, “बॅच पुढं ढकलते, आई, उद्यापासून येते वेळेवर.” बाकी दोन ताटं कोरडी ठणठणीत. मी दुरडी खाली काढली. वीरेश आला त्याला कडक. मालक आले त्यांना कडक. आमटीत बुडवून बुडवून खात होते, माझ्याकडं न बघता. खोलीत नुसता कुरुम कुरुम आवाज.

असंच चाललं की! दोघंही बापलेक हट्टाला पेटले. वीरेश बाहेरच खाऊन यायला लागला. मालक म्हणाले, “आवडते मला कडक, काळजी करू नको.” मार पडत होता तो बिचाऱ्या अप्पांना. वाटीत भिजवलेली भाकरी समोर आली की ते तिच्याकडं असं बघायचे, की मला तोंड लपवावंसं वाटायचं. देवळाच्या कट्ट्यावर त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, सून उपाशी मारते म्हणून. मग काय, गल्लीतल्या कोरेकाकू फडक्यात गुंडाळून दोन गरम भाकरी घेऊन हजर.

“म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो गं, महानंदा,” त्या म्हणाल्या.

“काकू, भाकरी आणलीत, उपकार झाले. पण जरा सांगा, काका जेवले का तुमचे?”

“ते कुठले? ते दहाला येतील.”

“मग घेऊन जा ह्या. तुम्हीच खा गरम गरम. तुम्ही तरी कधी खाल्ली असेल?”

काकू फणकाऱ्यानं निघून गेल्या. पण अप्पांनी ते ऐकलं. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि वाटीतलं अर्धं तसंच टाकून उठले.

ते अर्धं टाकलेलं बघितलं आणि माझं काळीज हललं. मला माझीच लाज वाटली. म्हाताऱ्याचे हाल करून मी कसली लढाई जिंकणार होते? ठरवलं, बास झालं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीलाच पीठ मळलं, तवा पुसून ठेवला, अप्पा देवळातून आले की गपचूप गरम भाकरी वाढायची म्हणून. पण अप्पा येईनात. सात वाजले, साडेसात झाले. मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. राजी म्हणाली, “रुसून आत्याकडं तर नाही ना गेले?”

आणि आठच्या ठोक्याला फाटक वाजलं. पुढं वीरेश, त्याच्यामागं मालक, आणि दोघांच्या मागं काठी आडवी धरून अप्पा. गुरं वळून आणल्यासारखी त्यांनी दोघांना आत घातली.

“बसा,” अप्पा म्हणाले. दोघं बसले. अप्पा बसले. राजी बसली. मग माझ्याकडं बघून ते म्हणाले, “चार झाले. चढव तवा!”

काय सांगू! मी पीठ थापायला घेतलं. पहिली भाकरी अशी फुगली, की वाटलं तव्यावरून उडतेय आता. ती तशीच अप्पांच्या ताटात नेऊन टाकली. त्यांनी बोटानं पापुद्रा फोडला, वाफ तोंडावर घेतली आणि डोळे मिटले. मी परत ओट्याकडं पळाले. दुसरी मालकांना, तिसरी पोरांना. मधल्या खोलीत आवाज चढत चालले होते. वीरेश काहीतरी सांगत होता, राजी मध्येच बोलत होती, आणि एकदम सगळे फुटले. मालक हसत होते! ठसका लागेपर्यंत! कित्येक महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

“काय झालं? काय झालं?” मी उलथणं घेऊन दाराशी गेले.

“अगं, अप्पा वीरेशच्या ऑफिसात...” राजीला हसू आवरेना. “नंतर सांगते. आई, वास येतोय बघ, करपली!”

मी परत तव्याकडं पळाले. नंतर कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. मी जिंकले होते. शेवटची भाकरी हातावर घेऊन ओट्याला टेकून खाल्ली तेव्हा माझ्याएवढं सुखी माणूस अख्ख्या सोलापुरात नव्हतं.

त्यानंतर रोज आठला चार ताटं भरायला लागली. एखादा उशीर करतोय असं दिसलं की अप्पा काठी घेऊन निघायचे, त्यामुळं कुणी उशीर करायचं धाडसच करेना. मालकांनी दुकानाला एक माणूस ठेवला. गल्लीत आमचं कौतुक व्हायला लागलं. मधल्या खोलीत रोज हसणं, वाद, एकमेकांच्या ताटातलं उचलणं. आणि मी थापतेय, भाजतेय, पळत जाऊन वाढतेय, परत येतेय. थापण्याचा आवाज, तव्याचा चर्र आवाज, त्यातून तुटक तुटक शब्द कानावर यायचे. “मग ठरलं तर...” “नको, तो लबाड आहे...” कोण लबाड, काय ठरलं, मला पत्ता नाही. पूर्वी एकेक जण स्टुलावर बसून निदान मला तरी सांगायचा. आता सांगून झालेलं असायचं. हात धुवून सगळे आपापल्या कामाला लागायचे, आणि पोस्ट ऑफिसात एक पत्र येईना. बोलायची सोय नव्हती. मागितलं होतं तेच तर मिळालं होतं!

राजीच्या लक्षात आलं असावं. एकदा म्हणाली, “आई, आज मी थापते, तू बस.” मी बसले. पण ती पोरगी ओट्याशी, आमच्याकडं पाठ करून उभी, घामानं मान भिजलेली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती लातूरला अशीच उभी राहणार, हे डोळ्यांसमोर आलं. हातातला घास तसाच ठेवला. उठले आणि तिच्या हातातून परात ओढून घेतली.

मग एक दिवस मी मंडईत मेथी निवडत होते. गजू सलूनवाल्याची बायको सरूबाई शेजारी येऊन उभी राहिली.

“बरं केलंत वहिनी, कार्यालय बदललंत ते. तिथं पाण्याची बोंब असते. हे नवीन हवेशीर आहे म्हणे.”

“हो ना,” मी म्हटलं. “हवेशीर आहे.”

“आमच्या ह्यांना तुमच्या मालकांनी कालच सांगितलं, दाढी करताना.”

“हो का,” मी म्हटलं, आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली. निवडलेली की न निवडलेली, देव जाणे. माझ्या लेकीचं लग्न कुठल्या कार्यालयात होणार, हे मला मंडईत कळलं होतं. चालताना रस्ता दिसत नव्हता मला.

संध्याकाळी आठला चौघं बसले. मी तवा चढवला. पहिली भाकरी एवढ्या जोरात थापली, की बाहेरून मालकांनी विचारलं, “काय गं, भूकंप आला का?” ती भाजून अप्पांच्या ताटात टाकली, दुसरी तव्यावर होती, पण मी परत गेले नाही. तिथंच उभी राहिले.

“कार्यालय बदललं?”

मालकांनी घास थांबवला. “हो की. परवा जेवतानाच ठरलं. तू होतीस की.”

“मी नव्हते.”

“असं काय करतेस? भाकरी वाढत होतीस की आम्हाला!”

“वाढत होते. बसले नव्हते. ऐकायला नव्हते. तिकडं तोंड करून उभी असते मी रोज, तुमच्याकडं पाठ करून. तुम्ही हसता ते मला ऐकू येतं, कशाला हसता ते येत नाही. मला सरूबाईनं सांगितलं मंडईत! आणि मी तिच्यासमोर मान हलवली, माहीत असल्यासारखी.” माझा आवाज फाटला. “ताटं मोजा की समोरची. चार आहेत. घरात माणसं किती आहेत?”

बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की ही चार ताटं रोज मांडत कोण होतं? मीच. चार माणसं, चार ताटं, हा कायदा माझाच. पाचवं मांडायचं यांना तर सुचलं नव्हतंच, पण मलाही सुचलं नव्हतं. एवढी मोठी लढाई लढले, आणि त्यात स्वतःला धरायचंच विसरले. हसावं की रडावं ते कळेना.

आतून जळका वास आला. मी वळले.

“जळू दे,” अप्पा म्हणाले.

भिंतीला धरून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. अप्पांनी जन्मात गॅसला हात लावला नव्हता. राजीनं मागून सांगितलं, “उजवीकडं, अप्पा, उजवीकडं फिरवा.” गॅस बंद झाला. मग त्यांनी काठीनं दुरडी खाली घेतली आणि ती छातीशी धरून बाहेर आले. ताटातली गरम भाकरी त्यांनी उचलली आणि बाजूला ठेवली. वाटीत कडक भाकरी घेतली, मूठ मारून तिचा चुरा केला आणि वर आमटी ओतली.

“अप्पा, अहो, तुम्हाला कडक...”

“तुझ्या सासूनं जन्मभर मला गरम वाढलं,” अप्पा वाटीकडं बघत म्हणाले. “तिला काय आवडायचं, असं आज कुणी मला विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी तिला जेवताना बघितलीच नाही कधी.” मग मालकांवर खेकसले, “बघत काय बसलास? ताट आण तिला!”

मालक धडपडत उठले. या घरात जन्मले, पण ताटं कुठं असतात ते त्यांना माहीत नव्हतं. भांडी पाडत पाडत शेवटी पाहुण्यांचं मोठं ताट घेऊन आले. वीरेश सरकला, राजी सरकली. मी मध्ये बसले. गुडघे कसे घ्यावेत तेच समजेना, इतकी सवय गेली होती. मालकांनी आपल्या हातानं माझ्या ताटात कडक भाकरी ठेवली, शेंगाचटणी वाढली, दही वाढलं, आणि खाली मान घालून म्हणाले, “चुकलं माझं. उद्या आपण दोघं जाऊन कार्यालय बघून येऊ. तुला नाही आवडलं तर कॅन्सल.”

“हवेशीर आहे म्हणे,” मी म्हटलं, आणि राजी खुदकन हसली.

“आता मला सांगा,” मी म्हटलं, “त्या दिवशी अप्पांनी वीरेशच्या ऑफिसात काय केलं?”

वीरेश ताठ बसला. “ऐक. मी मीटिंगमध्ये. अप्पा थेट साहेबांच्या केबिनमध्ये. म्हणाले, ‘नातवाला न्यायला आलोय, घरी मोठी अडचण आहे.’ साहेब घाबरले, म्हणाले, ‘आजोबा, काय झालं? दवाखान्यात न्यायचंय का कुणाला?’ तर अप्पांनी त्यांच्यापुढं असा आ केला आणि म्हणाले, ‘दात नाहीत!’”

मी हसले. अशी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. सगळ्यांनी भाकऱ्या मोडल्या. चार तोंडांचा असा कुरुम कुरुम दणका उठला, की वीरेश पुढं काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही.

“आधी खा रे, मग बोल!” अप्पा ओरडले. चुरा खाण्यात ते सगळ्यांच्या पुढं होते.

तेव्हापासून आमच्या घरी रात्री कडक भाकरी. दुपारी मी निवांत भाजून ठेवायची, आणि आठला पाच ताटं. कोरेकाकू एकदा विचारायला आल्या, आमच्या म्हाताऱ्यांना कडक कशी चालते म्हणून. अप्पांनीच त्यांना सांगितलं, “आमटीत भिजवायची. आणि तुम्ही पण शेजारी बसायचं.”

फाल्गुनात राजीचं लग्न झालं. कार्यालय खरंच हवेशीर होतं. रुखवतात लाडू, चिवडा, करंज्या मांडल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध अप्पांनी स्वतः आणून ठेवलेली नवी कोरी दुरडी, कडक भाकऱ्यांनी गच्च भरलेली. बायका कुजबुजल्या, हे काय रुखवत? राजीच्या सासूबाईंनीही ती जरा चकित होऊन बघितली. त्या अबोल बाई होत्या. सगळी पंगत उठल्यावर कोपऱ्यात एकट्या जेवायला बसलेल्या मी त्यांना बघितलं होतं.

पोरगी गेली. माझं चित्त लागेना. आठला बसायचो, पण तिच्या जागेकडं बघवत नव्हतं. अशाच एका संध्याकाळी चौघं बसलो होतो, आणि फोन वाजला. वीरेशनं घेतला आणि माझ्या हातात दिला. राजी असेल म्हणून मी कानाला लावला. मागं भांड्यांचा आवाज, पुरुषांचं हसणं, आणि ओळखीचा कुरुम कुरुम आवाज. बोलत होत्या त्या तिच्या सासूबाई, तोंडात घास तसाच होता.

“विहीणबाई, जेवतोय आम्ही सगळे. दुरडी संपली बघा. अजून पाठवा.”